दरमहा पंचवीस रुपये

(नेवासा येथे पालक, प्राध्यापक आणि सामाजिक कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



नेवाशात विद्येविषयी बोलायचे आणि पैस खांबाला वळसा घालून जायचे, हे शक्य नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, प्रवरेच्या काठी त्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्याच्या आधीचा प्रसंग मात्र कीर्तनात ऐकला जातो आणि तिथेच सोडून दिला जातो. संन्याशाची मुले म्हणून समाजाने बाहेर ठेवलेली ती चार भावंडे आळंदीहून पैठणला गेली, ती कशासाठी? शुद्धिपत्रासाठी. आजच्या व्यवहाराच्या भाषेत, दाखल्यासाठी. बुद्धी होती, साधना होती, गुरू तर घरातच होता. नव्हता तो एक कागद. परंपरा सांगते की पैठणहून निघालेली ही भावंडे नेवाशाला आली आणि मग जे घडले त्यावर मराठी भाषा आजही उभी आहे.

बारावीचा निकाल लागला की तहसील कचेरीच्या आवारात आणि सेतू केंद्रांच्या दारात जी रांग लागते, तिच्याकडे पाहताना पैठणची ती वाट आठवल्याशिवाय राहत नाही. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, आधारशी जोडलेले बँक खाते. तुलना फार ताणू नये, हे खरे. पण त्या रांगेत उभ्या असलेल्या मुलामुलींपैकी किती जण पदवीपर्यंत पोहोचतील, हे बहुधा त्यांच्या गुणांवर ठरत नाही. ते ठरते मदत केव्हा हाती पडते यावर.

‘शिष्यवृत्ती’ हा शब्दच नीट पाहिला पाहिजे. वृत्ती म्हणजे उपजीविका. जोशीपणाची वृत्ती, कुलकर्ण्याची वृत्ती असे शब्द जुन्या कागदपत्रांत भेटतात, त्यांतलीच ही वृत्ती. शिष्याने शिकत असावे आणि त्याचे पोट समाजाने चालवावे, हा त्या शब्दाचा साधा अर्थ. शिष्यवृत्ती म्हणजे बक्षीस नव्हे, आणि फीची सवलतही नव्हे. आज ज्या योजना मोठ्या गाजावाजाने चालतात त्यांतल्या बहुतेक शुल्काच्या योजना आहेत. त्या आवश्यकच आहेत. परंतु शुल्क महाविद्यालयाला मिळते; शिष्याचे पोट त्यानंतरही शिल्लकच राहते.

महाराष्ट्रात ही व्यवस्था कशी बदलत गेली, हे पाहण्यासारखे आहे. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी विद्वानांना दक्षिणा वाटण्याची प्रथा चालू केली. पुढे पेशव्यांनी ती पुण्यात नेली. श्रावणमासात देशोदेशीचे शास्त्री येत, परीक्षा होत, दक्षिणा मिळे. त्यात विद्येची कदर होती, तशीच पुढे पुढे बरीचशी उधळपट्टीही झाली आणि तिचा लाभ एकाच वर्णापुरता राहिला, हेही तितकेच खरे. पेशवाई बुडाल्यावर त्याच निधीतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज निघाले. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्ज केला की दक्षिणेचा पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. सनातनी पुणे खवळले. पण काळाच्या ओघात दक्षिणा प्राइझ कमिटी झाली, दक्षिणा फेलोशिप निघाली, आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. विश्रामबागवाड्यातील त्या कॉलेजातूनच पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. हे नेवासेकरांना मुद्दाम सांगायचे कारण असे की १९५४ ते ५६ या काळात डॉ. हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली याच डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी लाडमोडच्या टेकाडावर उत्खनन केले आणि नेवाशाचा इतिहास अश्मयुगापर्यंत मागे नेला. तळेगावच्या दक्षिणेतला रुपया असा दोनशे वर्षांहून अधिक प्रवास करून प्रवरेच्या काठी पोहोचला. विद्येवर खर्च झालेला पैसा कुठे उगवेल, हे देणाऱ्याला कधीच दिसत नसते.

दुसरी जुनी व्यवस्था वारांची आणि माधुकरीची. आठवड्याचे सात वार सात घरी जेवायचे आणि उरलेला वेळ शिकायचे. पुण्यातील अनाथ विद्यार्थी गृह १९०९ मध्ये सुरू झाले, तेव्हा तेथील मुलेही माधुकरी मागत. या व्यवस्थेविषयी आज दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी तिचे गोडवे गातो, कोणी तिला भीक म्हणून मोडीत काढतो. सत्य असे की तिच्यामुळे शेकडो गरीब मुले शिकली, पण वाराला बसलेल्या मुलाच्या मनावर उमटलेला ओरखडाही अनेकांच्या आत्मचरित्रांत दिसतो. आणि ज्या मुलाला कोणाच्या ओसरीवरही प्रवेश नव्हता, त्याच्यासाठी वार नव्हताच.

त्या मुलाचा विचार कोल्हापुरात झाला. राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, नंतर एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहत गेली, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. महाराजांना नेमके कळले होते की खेड्यातून आलेल्या मुलाला फी माफ केली तरी तो रात्री झोपणार कुठे आणि जेवणार काय, हा प्रश्न उरतोच. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हाच धागा पुढे नेला. साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या मुलांना जेवायला घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत हीच योजना कर्मवीरांच्या नावाने चालते आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना ती खुली आहे. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात काही तास काम आणि त्याचे मानधन. रक्कम मोठी नसते, पण ती मुलाची स्वतःची कमाई असते.

आता त्या पंचवीस रुपयांविषयी.

भीमराव आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले आणि एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. त्या निमित्ताने झालेल्या सत्कारात कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. त्यानंतरची गोष्ट कमी सांगितली जाते. सुभेदार रामजींना कॉलेजचा खर्च पेलेना, तेव्हा हेच केळूसकर पुढे झाले. त्यांनी या विद्यार्थ्याला महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्यासमोर नेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी समाधान झाले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. प्राध्यापक मुल्लर यांनी पुस्तके आणि कपडे दिले. १९१२ च्या परीक्षेत बी.ए.ची पदवी मिळाली. पुढे १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी बडोद्याने दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. तिच्याबद्दल दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करारही झाला. ती कोलंबियाची शिष्यवृत्ती इतिहासाला लक्षात राहिली. परंतु पदवीच्या वर्गातले ते पंचवीस रुपये आले नसते, तर कोलंबियाचा प्रश्नच उद्भवला नसता.

या प्रसंगात तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. एक, ओळखणारा माणूस. केळूसकर श्रीमंत नव्हते, शिक्षक होते. दुसरी, देणारा माणूस. तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित आहे: पैसे दरमहा होते. वर्षाच्या अखेरीस एकदम तीनशे रुपये, असे नव्हते.

याच काळातली आणखी एक शिष्यवृत्ती महाराष्ट्राने विसरू नये अशी आहे. पॅरिसस्थित सरदारसिंह राणा यांनी महाराणा प्रताप, छत्रपती शिवाजी महाराज आणि अकबर यांच्या नावांनी प्रत्येकी दोन हजार रुपयांच्या तीन शिष्यवृत्त्या जाहीर केल्या होत्या. त्यांतली शिवाजी शिष्यवृत्ती फर्ग्युसनमधून पदवीधर झालेल्या विनायक दामोदर सावरकरांना मिळाली. शिफारस लोकमान्य टिळकांची आणि शिवरामपंत परांजपे यांची. जून १९०६ मध्ये सावरकर इंग्लंडला निघाले. पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांच्या शिष्यवृत्त्यांना एक अट असे: घेणाऱ्याने इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही. बडोद्याची अट होती, संस्थानची नोकरी करा. लंडनची अट होती, सरकारची नोकरी करू नका. दोन्ही ठिकाणी देणाऱ्याला घेणाऱ्याकडून काहीतरी अपेक्षा होती आणि ती उघडपणे सांगितलेली होती. आजची शिष्यवृत्ती विद्यार्थ्याकडून दहा कागद मागते. त्याच्याकडून अपेक्षा मात्र काहीच ठेवत नाही. हा काही उणा फरक नव्हे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या कामाचा भार शासनाने उचलला. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पंचवीस रुपयांवर शिकलेल्या विद्यार्थ्याचे ऋण असे देशभर फेडले गेले. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना, जातीचा विचार न करता, फी माफ झाली. तीच ईबीसी. खेड्यापाड्यांतली एक संपूर्ण पिढी या तीन अक्षरांवर पदवीधर झाली; या सभेतही त्यांतले अनेक जण बसलेले असतील. आज राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्यांना निम्मे शुल्क मिळते, आणि जुलै २०२४ च्या निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतील पात्र मुलींना संपूर्ण शुल्कमाफी मिळाली. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार, पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् आणि अलीकडची सावित्रीबाई फुले आधार या योजना आहेत. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. शासन काहीच करत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

तरीही आकडे जवळून पाहावेत. केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेणाऱ्या, बी.ए., बी.कॉम.सारख्या साध्या पदवीच्या विद्यार्थ्याला २०२१ च्या नियमांप्रमाणे शुल्काव्यतिरिक्त मिळणारा भत्ता वसतिगृहात राहत असल्यास वर्षाला ६००० रुपये आणि घरून ये-जा करत असल्यास ३००० रुपये ठरला. म्हणजे महिन्याला पाचशे किंवा अडीचशे. बारावीत ८० पर्सेंटाईलच्या वर गुण मिळवलेल्या, साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची दुसरी योजना आहे; देशभरात दर वर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या, आणि पदवीच्या वर्षांत वार्षिक १२,००० रुपये. महिन्याला हजार. पुण्यात किंवा नगरला मुलगा ठेवलेल्या घराला मेसचे एका महिन्याचे बिल किती येते, हे सांगायला नको.

रकमेपेक्षा जास्त जाचते ते वेळापत्रक. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा. तो आधी महाविद्यालयाच्या लॉगिनला जातो, तिथून जिल्हा कार्यालयाकडे, मग विभागाकडे. नावात एका अक्षराचा फरक असला तरी तो परत येतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा हिस्सा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. राज्याने आपला वाटा जमा केल्यावर केंद्राचा वाटा विद्यार्थ्याच्या आधारजोडणी असलेल्या खात्यात येतो. मधले दलाल गेले, पैसा थेट आला, ही सुधारणा मोठीच. पण प्रवेश जून-जुलैत होतो, खोलीची अनामत त्याच आठवड्यात द्यावी लागते, आणि शिष्यवृत्तीचा हप्ता दिवाळीनंतर, होळीनंतर, कधी परीक्षा आटोपल्यावर येतो. श्रीमंताच्या मुलाला या उशिराचे काही वाटत नाही. मध्यमवर्गीय घर दागिना गहाण ठेवून निभावते. ज्याच्याकडे गहाण ठेवायलाही काही नाही, त्याचे शिक्षण नेमके या आठ महिन्यांत तुटते. पुढे त्याच्या नावावर मंजुरीचा संदेश येतो, तेव्हा तो कुठल्यातरी दुकानात किंवा कंपनीत कंत्राटी कामाला लागलेला असतो.

नेवासा तालुक्याचे चित्र वरवर पाहता समाधानकारक आहे. नेवाशात, सोनईला, भेंड्याला महाविद्यालये आहेत. मुळा आणि ज्ञानेश्वर या साखर कारखान्यांच्या परिसरात शिक्षणाचे जाळे विणले गेले. ऊस, पाटपाणी, घोडेगावचा बाजार यांमुळे तालुका सधन म्हणून ओळखला जातो. परंतु सधन तालुक्यात गरीब घर अधिक झाकले जाते. कोरडवाहू दोन एकरवाला, सालगडी, ऊसतोडणीला येणारी कुटुंबे. कारखान्याचा धूर सर्वांच्याच घरांवरून जातो, पण बिलाचा पैसा सर्वांच्या घरात जात नाही.

मुलींच्या बाबतीत एक बारीकशी गोष्ट पाहण्याजोगी आहे. ग्रामीण भागातील मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो तो बारावीपर्यंत. योजनेला नाव आहे पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे, याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या कन्येचे. बारावी संपली की तो पास संपतो. त्याच उन्हाळ्यात घरात स्थळांची चर्चा सुरू होते. पुढे सवलतीचा पास आहे, २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीटही आहे. पण फुकटाची सवय झालेल्या हिशेबात पहिल्यांदाच मुलीच्या शिक्षणापुढे खर्चाचा आकडा लिहिला जातो. शुल्कमाफी मिळालेल्या मुलीचे शिक्षण पासाच्या आणि डब्याच्या पैशांवरून थांबते, यावर शहरात बसून विश्वास बसत नाही. कुकाण्याच्या किंवा सलाबतपूरच्या थांब्यावर उभे राहिले की बसतो.

मग समाजाने काय करायचे? शासनाचे काम स्वतःच्या अंगावर घेण्याची गरज नाही आणि ते झेपणारही नाही. शासन देणार आहे आणि विद्यार्थ्याला आज लागणार आहे, या दोन तारखांमधले अंतर भरून काढणे, एवढेच तालुक्याच्या पातळीवर करण्याजोगे काम आहे. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती उभी केली, ती ग्रामीण मुलांना राहण्या-जेवण्याचा आधार देण्यासाठीच. तिच्या वसतिगृहांतून हजारो मुले घडली. नेवाशाला वसतिगृहाची इमारत लगेच उभी करायची नाही. सुरुवात एका निधीने होऊ शकते.

अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावी काचेचा कारखाना निघाला. दाभाड्यांच्या दक्षिणेचे तळेगाव तेच. त्याच पद्धतीचा हिशेब मांडून पाहू. तालुक्यातील तीनशे कुटुंबांनी दरमहा शंभर रुपये दिले, तर वर्षाला ३ लाख ६० हजार होतात. एका विद्यार्थ्याला दरमहा दीड हजार, दहा महिने, म्हणजे १५ हजार. चोवीस विद्यार्थ्यांची सोय झाली. यांतल्या ज्यांची सरकारी शिष्यवृत्ती मंजूर होणार आहे, त्यांनी ती खात्यात आल्यावर जमेल तेवढी रक्कम परत करायची, बिनव्याजी, बिनकागदी. पुढच्या वर्षी चोवीसचे तीस होतील.

निवडीबाबत थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. नव्वद टक्क्यांच्या मुलाचा सत्कार गावात सात संस्था करतात. शाल, नारळ, पाकीट, वर्तमानपत्रात छायाचित्र. अठ्ठावन्न टक्के मिळवून, सकाळी दूध घालून कॉलेजला येणाऱ्या मुलाकडे कोणीच पाहत नाही. निधी त्याच्यासाठी असावा. आणि देताना व्यासपीठ नको. गरजू म्हणून ज्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले, तो पुढच्या वर्षी मदत मागायला येत नाही. उपाशी राहतो, पण येत नाही. वारावर जेवणाऱ्या मुलांचा ओरखडा नव्या पाकिटात घालून पुन्हा द्यायचा नसतो. पैसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खात्यात जमा व्हावेत आणि देणाऱ्यांची यादी विद्यार्थ्याला ठाऊकही नसावी.

केळूसकरांचे काम करणारी माणसेही लागतील. वर्गात अचानक येईनासा झालेला विद्यार्थी आठवड्याच्या आत प्राध्यापकांना कळतो. महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचे टेबल सांभाळणाऱ्या लिपिकाला तर कोणाचा अर्ज त्रुटीत अडकला आहे, हे सर्वांच्या आधी माहीत असते. या दोघांनी मिळून नावे सुचवावीत. निवृत्त शिक्षक आणि बँक कर्मचारी यांनी मे महिन्यापासूनच गावोगाव बसून दाखले काढून घ्यावेत: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, खात्याची आधारजोडणी, गॅप असल्यास त्याचे प्रमाणपत्र. शाहू महाराज योजनेत कुटुंबातील दोनच अपत्यांना लाभ मिळतो. तिसरे अपत्य असलेल्या घरांची यादी वेगळी करावी, कारण तिथे शासनाचा हप्ता येणारच नाही आणि त्या मुलाकडून परतफेडीची अपेक्षाही ठेवता येणार नाही. ऊसतोडणीला गेलेल्या कुटुंबांतील मुलांचे अर्ज दसऱ्याच्या आत भरले जावेत. त्यानंतर पालकांची सही मिळवायला फडावर जावे लागते. पहिला हप्ता जुलैच्या पहिल्या आठवड्यात द्यायचा असेल, तर वर्गणीची पहिली फेरी अक्षय तृतीयेला सुरू करावी लागेल.